चालणारा बोया

"आकडी टाक! अगं, बोया मागे राहिला, टाक ना!"

"टाकतेय! कानात ओरडू नकोस!"

भिंगरी बोटीच्या अगदी टोकाशी पालथी पडली होती. लांब काठीच्या आकडीनं तिनं बोटी बांधायच्या पिवळ्या, तरंगत्या बोयाजवळचा दोर पकडला आणि वर ओढला. दोराच्या टोकाला जाडजूड वेढा होता. त्यातून तिनं बोटीचा दोर ओवला, परत आणला आणि खुंट्याला बांधला. मग तो भरपूर लांब सोडला. आपला दोर वेढ्यातून ओवायचा आणि हात न आखडता सोडायचा, हा मावशीचा नियम होता. मावशीच्या बोटीवर नियम मोडणाऱ्याला बोटीचा तळ खरवडायला बसवत, आणि तो तळ काही छोटा नव्हता.

कानात ओरडणारा होता तिचा मामेभाऊ. प्रत्येक गोष्टीवर तीन शंका काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून सगळे त्याला शंकासुर म्हणत. भिंगरीची मावशी ती त्याची आत्या. भिंगरीचा धाकटा भाऊ टिल्लू मधल्या बाकावर बसून पाय हलवत होता. टिल्लू होता एवढासा, पण त्याचा आवाज त्याच्या उंचीच्या तिप्पट! सुट्टी लागल्यापासून तिघांचा मुक्काम मावशीकडेच होता.

भिंगरी उठून बसली, पण तिचा चेहरा उतरला होता.

"शंक्या, धुराडं डोकावतंय."

"कुठलं धुराडं?"

"कारखान्याचं! ते बघ, पाण्याच्या टाकीच्या डावीकडून."

किनाऱ्यावर एक पांढरी, गोल, पोटभर जेवल्यासारखी दिसणारी टाकी होती आणि तिच्या बरंच मागे कारखान्याचं धुराडं. बोट बोयापाशी पोहोचली की धुराडं बरोबर टाकीच्या मागे लपायचं. ही खूण मावशीनंच शिकवली होती. समुद्रावर ना झाड असतं ना कोपऱ्यावरचं दुकान, मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आणायच्या आणि ती रेषा लक्षात ठेवायची.

"दोर लांब आहे, बोट वाऱ्यानं सरकली असेल," शंकासुर म्हणाला.

"मी दोर सोडायच्या आधी पाहिलं. बोया माझ्या हाताखाली होता!"

"मग प्रवाह उलटा असेल."

"उलटा कसा? बोयाचा दोर रोजच्याच दिशेला तरंगतोय."

"मग टाकीच सरकली असेल!" टिल्लू गरजला.

शंकासुरानं डोकं खाजवलं. म्हणजे शंका संपल्या होत्या. "पण बोया साखळीनं तळाच्या काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधलाय. कपाटाएवढा ठोकळा! त्याला काय पाय फुटले?"

"काका, बोया जागेवर नाहीये!" भिंगरीनं मागे वळून सांगितलं.

"डिझेल भरलंय," इंजिनकाका म्हणाले. मावशी पाण्यात असताना बोट तेच सांभाळत. इंजिनाच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेले होते, आणि लोक बहुतेक वेळा डिझेलबद्दलच विचारतात असा त्यांचा अनुभव होता.

तेवढ्यात मावशी पाठीवर सिलिंडर चढवून आली. तिच्यासोबत बुडी मारायला शिकणारे दोघं होते. तिनं लाल झेंडा वर चढवला. त्यावर तिरका पांढरा पट्टा. याचा अर्थ, खाली माणसं आहेत, विचारल्याशिवाय जवळ येऊ नका.

"मावशी, बोया..."

"बघते खाली जाऊन. पण आधी खुणा सांग."

भिंगरीनं घडाघडा म्हणून दाखवलं, "लोखंडी शिडी पाण्यात सोडायची. तिच्यावर पान्यानं भराभर ठोके म्हणजे वर या. तीन सावकाश ठोके, थांबून पुन्हा तीन, म्हणजे आहात तिथेच थांबा, वर बोटीचा पंखा फिरतोय."

"आणि ठोके कुठून येतायत ते खाली कळतं का?"

"नाही. पाण्यात आवाज इतका भरकन येतो की तो सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो."

"म्हणून खुणा चुकवायच्या नाहीत. आणि आम्ही खाली असेपर्यंत इंजिन?"

"बंद!" तिघं एकदम ओरडले.

खाली एक जुनं मालवाहू जहाज होतं. ते वादळात बुडालं नव्हतं, मुद्दाम बुडवलं होतं, माशांना आणि प्रवाळांना घर मिळावं म्हणून. बुडवण्याआधी मावशीनं आणि तिच्या मैत्रिणींनी ते आतून पुसून काढलं होतं. तेलाचा थेंब ठेवला नाही, तारा उपटल्या, दारं काढली, कारण आत शिरलेला पाणबुड्या अडकायला नको. आता त्या जहाजाच्या खिडक्यांतून मासे ये-जा करत होते. मावशी त्याला 'माझं जहाज' म्हणायची आणि कुणी हसलं तर रागवायची.

ती वर आली तेव्हा मात्र ती कुणावर रागवली नाही. नुसती बसून राहिली, आणि तेच जास्त वाईट होतं.

"भिंगरी, तुझं बरोबर आहे. ठोकळा सरकलाय. वाळूत लांब चर पडलाय. साखळी जहाजाच्या कठड्याला घासायला लागली आहे. तिथं पंख्यासारखी जाळीदार प्रवाळं होती ना? सगळी मुळापासून गेली."

 इंजिनकाकांनी दोर सोडून बोट धक्क्याकडे वळवली.

संध्याकाळी बंदराच्या कचेरीत मावशीनं सगळं सांगितलं. मुलं दाराशी उभी होती. कचेरीत जुन्या दोरांचा आणि शाईचा वास होता. बंदर-अधिकारी साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या बोयाला रोज कोण बांधतं?"

"मी. पण माझी बोट इवलीशी आहे, साहेब. तिनं हा ठोकळा हलणार नाही."

"मग कुणी हलवला?"

"ते माहीत नाही."

"हे बघा, तुमचे कष्ट मला माहीत आहेत. पण जहाजाचं नुकसान होतंय, आणि त्या बोयाला बांधणारी तुमचीच एक बोट मला माहीत आहे. परवा मी स्वतः तुमच्याबरोबर खाली उतरतो. कारण सापडलं तर ठीक. नाहीतर बोया काढून टाकावा लागेल आणि तुमचा बुडी शिकवण्याचा परवाना थांबवावा लागेल."

मावशीनं मान हलवली. परत येताना ती धक्क्यावरून इतकी भरभर चालली की टिल्लूला पळावं लागलं.

"परवाना थांबला तर मावशी काय करेल?" त्यानं चक्क हळू आवाजात विचारलं.

"दुसऱ्या गावी नोकरी," भिंगरी म्हणाली, "आणि तिचं जहाज इथंच राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्याच्या पायऱ्यांवर तिघांची बैठक बसली. शंकासुरानं रिकाम्या बाटलीत वाळू भरून तिला सुतळी बांधली आणि ती बादलीभर पाण्यात सोडली. सुतळी लांब धरून आडवी ओढली, तर बाटली जेमतेम हलली. मग त्यानं सुतळी आखूड, अगदी सरळ वर धरली आणि हात वरखाली केला. बाटली टुणकन उचलली गेली आणि थोडी पुढे पडली. पुन्हा टुणकन, पुन्हा पुढे.

"चालतेय!" टिल्लू किंचाळला. पायरीवरची सगळी कबुतरं उडाली.

"लाट बोटीला उचलते, बोट दोराला, दोर ठोकळ्याला!" शंकासुराचे डोळे चमकले. "म्हणजे बोट मोठी हवी, दोर आखूड हवा आणि समुद्र थोडा हलता हवा. पण दोर आखूड बांधेल कोण? आणि कशाला?"

भिंगरीनं नुसतं बोट दाखवलं. समोरच 'ती' उभी होती. दोन मजली, पांढरीशुभ्र, सहलीची बोट! तिच्या तळाला जाड काचा बसवल्या होत्या. त्यांतून बुडालेलं जहाज दिसतं, असं बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

"दोर लांब सोडला तर बोट जहाजाच्या मागे जाईल," भिंगरी सावकाश म्हणाली, "आणि लोकांना काचेतून नुसती वाळू दिसेल."

बोटीचा मालक सोनेरी पट्टीची टोपी घालून फिरायचा. धक्क्यावर त्याला सगळे ॲडमिरल म्हणत, आणि ही थट्टा आहे हे फक्त त्यालाच ठाऊक नव्हतं.

"काय पोरांनो! फुकट फेरी हवी का?"

"काका, तुम्ही त्या पिवळ्या बोयाला बोट बांधता का हो?" टिल्लूनं थेट विचारलं. शंकासुरानं कपाळावर हात मारला.

ॲडमिरलचं हसू जरा आक्रसलं. "छे छे! तो लहान बोटींसाठी आहे. आम्ही लांब, वाळूत नांगर टाकतो. नियम म्हणजे नियम!"

"वा! केवढा मोठा नांगर आहे तुमचा," भिंगरी गोड आवाजात म्हणाली. "जवळून बघू?"

"बघा की! पण हात लावू नका. रंग या मोसमाच्या सुरुवातीला दिलाय."

नांगर बोटीच्या टोकाला लटकत होता. भिंगरीनं वाकून पाहिलं. नांगर, त्याची साखळी आणि खालची लोखंडी चाकी, सगळ्यांवरून एकसलग पांढरा रंग ओघळून वाळला होता. रंगानं तिन्ही वस्तू एकमेकींना चिकटवून टाकल्या होत्या. कुठे एक ओरखडा नाही, एक चीर नाही. वर कोळ्यानं ऐसपैस जाळं विणलं होतं.

"वाळूत पडणारा नांगर घासून लखलखीत होतो," धक्क्यावर परत येताच भिंगरी पुटपुटली. "हा रंग दिल्यापासून पाण्यात गेलेलाच नाही!"

"थापाड्या!" टिल्लू म्हणाला.

तिघांनी धावत कचेरी गाठली, पण साहेबांनी ऐकून घेऊन नकारार्थी मान हलवली. "हुशार आहात. पण नांगर टाकत नाही म्हणजे बोयालाच बांधतो, हे कुणी पाहिलंय का? माझ्या माणसांना तो आजवर तिथं दिसलेला नाही."

"तुमची माणसं सकाळी जातात, साहेब, आणि आम्हीही," शंकासुर म्हणाला. "त्याच्या फेऱ्या दुपारी असतात."

साहेबांनी समोरची वही ओढून वेळ लिहून घेतली. "मग आपण उद्या दुपारीच उतरू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्र फुगला होता. मोठ्या लाटा नव्हत्या, पण लांबलचक, गुळगुळीत उंचवटे एकामागून एक येत होते. भिंगरीनं दोर नेहमीपेक्षाही लांब सोडला. लाल झेंडा चढला. मावशी आणि साहेब पाण्यात उतरले, बुडबुडे काही वेळ दिसले आणि दिसेनासे झाले. शिडी पाण्यात सोडली होती. शंकासुर पाना घेऊन तिच्याजवळ बसला.

बराच वेळ काहीच घडलं नाही. सिलिंडरातली हवा संपत येते तसा खालच्या माणसांचा वेळही संपत येतो, हे भिंगरीला माहीत होतं. आता ती दोघं परत निघायला हवी होती.

आणि तेव्हाच संगीत ऐकू आलं.

दोन मजली पांढरी बोट ढमढमत थेट त्यांच्याकडे येत होती!

"झेंडा आहे! झेंडा आहे!" भिंगरी हात हलवत ओरडली.

मोठी बोट थांबली नाही. तिच्या खलाशानं आकडीनं बोयाचा वेढा उचलला आणि सरळ आपल्या खुंट्यात अडकवला. आपला दोर म्हणून सोडलाच नाही! बोयाजवळ, बुडालेल्या जहाजाच्या बरोबर माथ्यावर ती उभी राहिली. मागे तिचा पंखा अजून फिरतच होता, पाण्याचा पांढरा फेस काढत.

शंकासुरानं पाना उचलला. "वर बोलावतो त्यांना! पटकन!"

"नको!" भिंगरीनं त्याचं मनगट धरलं. "ती दोघं बोयाच्या साखळीनंच वर येतात. थेट पंख्याखाली येतील!"

"पण त्यांची हवा संपत आलीय! थांबवायचं का?"

 वर बोलावलं तर पंखा. थांबवलं तर हवा. क्षणभर भिंगरीला वाटलं की कुणा मोठ्या माणसाला विचारावं. पण मावशी आणि साहेब खाली होते, आणि काकांना ओरडून समजावायला वेळ नव्हता.

"तीन सावकाश," ती म्हणाली. "मावशीकडे हवा नेहमी शिल्लक असते. तेवढ्यात आपण पंखा बंद करायचा."

ठण. ठण. ठण. थांबून पुन्हा, ठण. ठण. ठण.

"ओ काका! इंजिन बंद करा! खाली माणसं आहेत!"

ॲडमिरल कठड्याशी आला. "असतील तिकडे, तुमच्या बोटीखाली! मोठ्यांना शिकवू नका. पाच मिनिटं बघतो आणि जातो!"

एक उंचवटा आला. मोठ्या बोटीचं टोक वर गेलं, बोया पाण्यात गडप झाला, आणि भिंगरीच्या पायाखाली त्यांची छोटी बोटसुद्धा हिसका बसून थरथरली. तिनं किनाऱ्याकडे पाहिलं. टाकीच्या डावीकडे धुराडं अर्धं दिसत होतं. पुढचा उंचवटा. पुन्हा हिसका. आता ते पुरतं बाहेर आलं!

ठोकळा चालत होता. जहाजाच्या दिशेनं. आणि त्याच जहाजापाशी मावशी आणि साहेब होते.

आपलं तो ऐकणार नाही, भिंगरीला कळून चुकलं. पण त्याच्या बोटीवर अजूनही माणसं होती. खूप माणसं! आणि त्यांच्या पायाखाली काच होती.

"टिल्लू! तुझा भोंगा चालू कर. त्याला नाही, प्रवाशांना सांग! काचेतून खाली बघा म्हणावं!"

टिल्लू बाकावर चढला. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि संगीतावर मात करणारा आवाज काढला.

"ओ काका, ओ काकू, ओ आजोबा! काचेतून खाली बघा! आमची मावशी दिसतेय का? तुमच्या पंख्याखाली आहे हो आमची मावशी!"

मोठ्या बोटीवर डोकी वळली. मग खाली झुकली. आणि मग एकच कल्लोळ उठला.

"अहो, खरंच माणसं आहेत खाली!"

"दोन आहेत! वर हात करतायत!"

"आणि तो दगड बघा, सरकतोय! वाळूचा लोट उठलाय!"

"बंद करा इंजिन! ओ टोपीवाले, बंद करा आधी!"

एका आजींनी तर ॲडमिरलच्या दंडाला धरून त्याला काचेपाशी ओढत नेलं. त्यानं खाली पाहिलं. त्याची टोपी हातात आली. दुसऱ्याच क्षणी संगीत थांबलं आणि इंजिनही. समुद्र एकदम शांत वाटायला लागला.

पण हिसके थांबले नव्हते.

"नांगर टाका!" ॲडमिरल ओरडला. खलाशी धावला, त्यानं नांगर ओढला, ढकलला, लाथ मारली. नांगर जागचा हलेना. रंगानं तो घट्ट धरून ठेवला होता.

"त्यांचा नांगर चिकटलाय, काका!" भिंगरी इंजिनकाकांच्या कानाशी जाऊन ओरडली. "आपला राखीव दोर त्यांना द्या! त्यांची बोट लांब जायला हवी!"

या वेळी काका डिझेलबद्दल बोलले नाहीत. त्यांनी बाकाखालचं दोराचं भलंमोठं वेटोळं उपसलं आणि अशा झोकात फेकलं की ते नेमकं खलाशाच्या हातात पडलं. "आधी हा वेढ्यातून ओव!" ते गरजले. "दोन्ही टोकं खुंट्याला बांध, मगच वेढा काढ! आणि सोड आता! हात आखडू नकोस!"

दोर सुटत गेला. पांढरी बोट सावकाश मागे सरकायला लागली, अगदी त्यांच्या अंगावरून गेल्यासारखी. भिंगरी आणि शंकासुरानं जुने टायर बाजूला लटकवले. मोठी बोट त्यांना घासत, कुरकुरत, मागे निघून गेली. पुढचा उंचवटा आला. दोर नुसता ताणला आणि सैल पडला. हिसका नाही.

धुराडं थांबलं.

"आता!" भिंगरी म्हणाली, आणि शंकासुरानं शिडीवर भराभर ठोके दिले.

तिघं पाण्याकडे बघत राहिली. नुसतं हिरवं पाणी. टिल्लूनं तिचा हात घट्ट पकडला. मग बुडबुडे. आधी थोडे, मग खूप. आणि त्यांच्यामागून मावशीचं डोकं वर आलं! शेजारी साहेबांचं!

शिडी चढून साहेब बाकावर बसले आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. "मी वर यायला निघालो होतो," शेवटी ते म्हणाले. "तेवढ्यात तीन ठोके आले आणि हिनं माझा पाय धरून खाली ओढलं. वर पाहिलं तर पंखा! कुणी ठोकले ते?"

"मी," शंकासुर म्हणाला. मग घाईनं पुढे म्हणाला, "पण मी चुकीचे ठोकणार होतो. हिनं थांबवलं."

मावशीनं भिंगरीला ओल्या अंगानं मिठी मारली. मग टिल्लूला, मग शंकासुराला. तिघंही चिंब भिजली.

"ठोकळा चालताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला," साहेब म्हणाले. त्यांनी मागच्या बोटीकडे पाहिलं. "आणि त्या काचेतून बोटभर लोकांनी पाहिला. आता थांबायचा तो परवाना कुणाचा, ते मला ठाऊक आहे. ताई, तुमच्यावर मी उगाच शंका घेतली."

"शंका घेण्यात काही वाईट नाही, साहेब," मावशी हसली. "आमच्या घरात एक आहे तसला."

सुट्टी संपता संपता नवा, दुप्पट जड ठोकळा जहाजापासून दूर बसवला गेला. मोठ्या बोटींसाठी वाळूत वेगळी जागा ठरली. ॲडमिरलला दंड झाला, आणि पुन्हा फेऱ्या सुरू करायच्या आधी साहेबांसमोर नांगर टाकून दाखवावा लागला. त्यासाठी तो दोन दिवस टोपी काढून, उन्हात बसून नांगरावरचा रंग खरवडत होता. टिल्लू त्याला धक्क्यावरून सल्ले देत होता.

शेवटच्या दिवशी भिंगरीनं नव्या बोयाला दोर ओवला, लांब सोडला आणि किनाऱ्याकडे पाहिलं. आता नवी खूण ठरली होती, शाळेचं घड्याळ आणि त्यामागचा खांब. खांब बरोबर घड्याळाच्या मागे लपला होता.

मावशी खाली होती. झेंडा फडफडत होता. दूरवर पांढरी बोट दिसली. ती हळू झाली. थांबली. संगीत बंद झालं आणि कर्ण्यातून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"अं... भिंगरीताई! आम्ही जरा जवळ येऊ का?"

भिंगरीनं टिल्लूकडे पाहिलं. टिल्लू बाकावर चढला, त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"थांबा तिथंच! मावशी वर आली की सांगतो!"

आणि दोन मजली बोट निमूटपणे थांबली.